वाईचे जोग, कोलकात्याचे व्हायोलिन

दरवर्षी गणेशोत्सवात आपल्या मंडपात ऑर्केस्ट्रा होतो, मुलांचे गाणे-बजावणे होते. हल्ली आपल्या वसाहतीतील बरीच मुले गिटार शिकतात. घरी ती छान वाजवतात, पण स्टेजवर बसले की हात थरथरतो. त्यामुळे प्रत्येक वेळी, प्रत्येक जागी, श्रोत्यांसमोर चांगले वाजवणारा कलाकार कसा घडतो, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. त्याचे उत्तर मला ज्यांच्या आयुष्यात सापडले, ते व्हायोलिनवादक पंडित विष्णू गोविंद जोग, म्हणजेच पं. व्ही. जी. जोग. मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, संगीतातला जाणकार नव्हे. कॅसेट ऐकून आवड लागली, एवढाच माझा अधिकार. चूकभूल द्यावी घ्यावी.

जोगांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मुंबईला झाला. बालपण गेले सातारा जिल्ह्यातील वाईला. कृष्णाकाठचे घाट आणि ढोल्या गणपती यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सुरुवातीचे शिक्षण त्यांना शंकरराव आठवले आणि गणपतराव पुरोहित यांच्याकडे मिळाले. पुढे डॉ. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचे मार्गदर्शन लाभले. मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. खाँसाहेबांची ओळख सरोदवादक म्हणून असली तरी ते स्वतः व्हायोलिनही वाजवीत.

आता या वाद्याविषयी थोडे सांगतो, म्हणजे जोगांचे काम किती अवघड होते ते ध्यानात येईल. गिटारला पडदे असतात. बोट योग्य पडद्याजवळ दाबले की सूर ठरल्या जागी मिळतो. रुळावरच्या गाडीसारखेच हे आहे. दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर कायम ठेवले की चाक आपल्या वाटेने जाते. व्हायोलिनला असा एकही पडदा नाही. सूर नेमका कुठे आहे हे बोटाने आणि कानाने त्या क्षणी ठरवायचे. केसभर बोट सरकले तर सूर बेसूर. आपल्याकडचे वादक मांडी घालून बसतात, वाद्याचे एक टोक उजव्या पायाच्या घोट्यापाशी आणि दुसरे छातीशी किंवा खांद्याशी टेकवतात, म्हणजे डावा हात मोकळा राहतो आणि मींड घेता येते. पाश्चात्य देशांतून आलेल्या या वाद्याला कर्नाटक संगीताने फार पूर्वी आपलेसे केले. उत्तर हिंदुस्थानात मात्र त्याला स्वतंत्र वाद्याचा मान मिळवून द्यायचा होता. ज्यांनी तो मिळवून दिला त्यांत जोगांचे नाव अग्रभागी आहे.

तरुणपणीच जोग मराठी मुलूख सोडून लखनौला गेले. पं. भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ मध्ये तेथे मॅरिस कॉलेज सुरू झाले होते आणि रातंजनकर त्याचे प्राचार्य होते. जोगांनी तेथे व्हायोलिन शिकवले. नंतर ते आकाशवाणीत गेले आणि अखेर कोलकात्याला स्थायिक झाले. आपल्यासारखेच नोकरीच्या निमित्ताने घर सोडलेले ते मराठी गृहस्थ. फरक इतकाच की बंगालमधील रसिकांनी त्यांना आपलेच मानले.

रेडिओचा काळ समजून घेतला पाहिजे. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. म्हणजे रेडिओवर गवयाच्या साथीला सारंगी किंवा व्हायोलिन हवे. शिवाय टेप सर्रास येण्यापूर्वी कार्यक्रम थेट प्रसारित होत. घड्याळाचा काटा ठरल्या मिनिटावर आला की संपवायचे. चुकले तर परत वाजवण्याची सोय नाही, आणि चूक एका सभागृहात राहत नाही, घराघरांत जाते. आमच्या खात्यात सिग्नल एकदा दिला की गाडी निघते, तसेच हे. अशा शिस्तीत वर्षानुवर्षे वाजवणाऱ्याचा हात पक्का झाला तर नवल नाही.

साथ करणे हे तर वेगळेच शास्त्र आहे. गवई पुढे काय गाणार हे साथीदाराला आधी सांगत नाही. त्याची तान ऐकायची आणि लगेच तिच्या मागोमाग जायचे. तो श्वास घ्यायला थांबला की पोकळी सुरांनी भरायची, आणि तो परतला की मागे सरायचे. फार पुढे गेले तर गवई नाराज, फार मागे राहिले तर मैफल थंड. त्या काळच्या नामवंत गवयांच्या मागे बसून जोगांनी हे काम केले. आपले शहाणपण दाखवण्यापेक्षा समोरच्याचे गाणे खुलवणे त्यांना महत्त्वाचे वाटत असावे, असे त्यांची साथ ऐकताना वाटते. मात्र एकट्याने वाजवायला बसले की त्यांचा गज लयीशी असा खेळे की तबलजीला सावध राहावे लागे. गायकीतला गोडवा आणि सतारी-सरोदाच्या अंगाची लयकारी, दोन्ही त्यांच्या हातात होते.

सर्वांना ठाऊक आहे ती त्यांची उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्याबरोबरची जुगलबंदी. तिच्या ध्वनिमुद्रिका आणि कॅसेट घरोघरी पोचल्या. यातली गोम अशी, की सनईचा स्वर तिच्या लांबीवर आणि पत्तीवर अवलंबून. फुंकरीने वाद्य तापले की तो थोडा सरकतोही. सनईला खुंट्या नाहीत, त्यामुळे जमवून घ्यायचे ते व्हायोलिनने. फुंकीचा दणदणीत आवाज आणि तारेचा नाजूक आवाज, तरी त्या जोडीत कोणी कोणाला झाकत नाही. एक बनारसचा मुसलमान उस्ताद, एक वाईचा मराठी ब्राह्मण, आणि दोघांमध्ये एकच राग. माझ्या मते ही जुगलबंदी स्पर्धा नसून संवाद आहे.

जोगांना १९८० साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुढे भारत सरकारने पद्मभूषण दिले. त्यांनी परदेशांतही कार्यक्रम केले आणि शिष्य तयार केले. प्रसिद्ध व्हायोलिनवादिका शिशिरकणा धर चौधुरी त्यांच्याकडे शिकल्या होत्या. ३१ जानेवारी २००४ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

आपल्या भिलाईलाही ही परंपरा परकी नाही. सतारवादक पं. बिमलेंदु मुखर्जी भिलाई इस्पात संयंत्रात नोकरी करीत, आणि नंतर ते खैरागढच्या संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. कारखान्याच्या किंवा यार्डाच्या ड्युटीतून कला जपता येते, याचा हा घरचाच दाखला.

मुलांना माझे सांगणे एवढेच. स्टेजवरची भीती स्टेजवरच जाते. रोज ठरल्या वेळी रियाज करा, घड्याळ लावून एकदाच, न थांबता वाजवा, आणि जमेल तितकी दुसऱ्याला साथ करा. साथीने कान तयार होतो. आणि कार्यकारिणीला एक विनंती आहे. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत गायकाचे नाव मोठ्या अक्षरांत येते, तबला, पेटी, गिटार वाजवणाऱ्यांची नावे मात्र ‘व सहकारी’ या दोन शब्दांत संपतात. जोगांसारख्या माणसाच्या कलेचा मोठा भाग दुसऱ्याच्या मागे बसून गेला आहे. निदान यंदापासून आपण प्रत्येक साथीदाराचे नाव छापावे, आणि निवेदकाने ते उच्चारून टाळ्या मिळवून द्याव्यात. त्यासाठी खर्च काही येत नाही.

श्रीगजानन सर्व कलाकारांना आणि आपणा सर्वांना सुखी ठेवो. गणपती बाप्पा मोरया!