संग्रह कोणासाठी?

संपत्ती कशी मिळवावी याविषयी विपुल लिहिले जाते. ती अखेर कोणाच्या स्वाधीन व्हावी, हा प्रश्न मात्र बहुधा मृत्युपत्रावर सोडला जातो. टॉमस टॅपलिंग या इंग्रज व्यापाऱ्याचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

टॅपलिंगचा जन्म १८५५ साली लंडनच्या दक्षिणेस डलिच येथे झाला. हॅरोची शाळा, केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज आणि पुढे बॅरिस्टरी हा क्रम सुखवस्तू घराण्यास साजेसाच होता. १८८२ साली वडील वारले, तेव्हा वकिली बाजूस ठेवून त्याने घरचा गालिच्यांचा व्यापार हाती घेतला. १८८६ साली तो हुजूर पक्षातर्फे हार्बरो मतदारसंघातून पार्लमेंटात निवडून गेला.

तथापि त्याचे नाव राहिले ते टपाल तिकिटांमुळे. हा छंद त्याला शाळकरी वयातच जडला होता. १८७१ साली तो लंडनच्या तिकीट-संग्राहकांच्या संस्थेचा सभासद झाला. पुढे हाती पैसा येताच त्याने इतरांचे संग्रहच्या संग्रह विकत घेतले. चित्रकार गुस्ताव्ह कायबोत व त्याचा भाऊ मार्सियाल यांचा नामांकित संग्रह त्यांपैकीच. इंग्लंडात १८४० साली जगातले पहिले टपाल तिकीट निघाले. तेव्हापासूनच्या पन्नास वर्षांतील बहुतेक सर्व देशांची तिकिटे त्याच्यापाशी जमली. १८५४ साली कलकत्त्यास छापलेले, व्हिक्टोरिया राणीचे मस्तक चुकून उलटे उमटलेले चार आण्यांचे तिकीटही त्यांत आहे.

१८९१ च्या एप्रिलमध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, टॅपलिंग मरण पावला. मृत्युपत्रान्वये त्याचा सारा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला.

हा श्रीमंताचा खेळ होता, असा आक्षेप कोणी घेईल. वापरलेल्या तिकिटाचे उपयोगमूल्य शून्य असते आणि त्याची किंमत केवळ दुर्मिळतेची असते, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थीही सांगेल. परंतु हा न्याय सुट्या तिकिटास लागू पडतो. अखंड क्रमातून टपालाचे दर, छपाईचे तंत्र आणि राजवटींचे उदयास्त वाचता येतात. संग्रह फुटला की किंमत उरते, ज्ञान विखुरते. पॅरिसच्या फेरारी या संग्राहकाने आपला संग्रह बर्लिनच्या टपाल संग्रहालयास देऊ केला होता. तो १९१७ साली वारल्यावर फ्रेंच सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून तो जप्त केला आणि १९२१ पासून लिलावात विकला. टॅपलिंगचा संग्रह मात्र आज ब्रिटिश लायब्ररीत अखंड आहे.

अर्थात, दानाने अर्धेच काम होते. एडवर्ड बेकन या जाणकाराकडे म्युझियमने या संग्रहाची मांडणी सोपविली आणि ती १८९९ पर्यंत चालली. आपल्याकडेही विद्वानांचे ग्रंथसंग्रह संस्थांना मिळतात. परंतु नोंदणीसाठी माणूस नाही आणि मांडणीसाठी कपाट नाही, म्हणून कित्येक गठ्ठे बांधलेलेच राहतात. दात्याचा सत्कार एका सायंकाळी उरकतो. त्याच्या दानाचा सांभाळ हा दरवर्षीच्या अंदाजपत्रकाचा विषय आहे, हे संस्थाचालकांनी ओळखले पाहिजे.