पॅट्रिक गेडिस आणि शेजाऱ्यांची बाग

शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा त्यावरील हिरव्या ठिपक्यांकडे आपण मोठ्या आशेने पाहतो. दरडोई किती चौरस मीटर मोकळी जागा उरली, यावर सभागृहात खडाजंगीही होते. परंतु त्या ठिपक्यात उद्या कोण बसणार, कोणाशी बोलणार आणि त्या जागेची काळजी कोण वाहणार, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्यांनी हे प्रश्न जन्मभर विचारले ते सर पॅट्रिक गेडिस मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक होते, याचे स्मरण आज फार थोड्यांना असेल.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. बालपण पर्थ शहराजवळच्या घरात आणि घराभोवतीच्या बागेत गेले. लंडनला टी. एच. हक्सले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे धडे घेतले. १८७९ साली संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती पुढे परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावरचे दीर्घकाळचे काम त्यांना कायमचे सोडावे लागले. भिंगाखालची पेशी पाहणे थांबले आणि हा जीवशास्त्रज्ञ माणसांच्या वस्तीकडे पाहू लागला.

ही वस्ती होती एडिंबरोची. त्या नगरीचे दोन भाग. किल्ल्याच्या कण्यावर वसलेले जुने गाव अठराव्या शतकाच्या अखेरीपासून धनिकांनी सोडले आणि ते दरीपलीकडच्या न्यू टाउनमध्ये राहावयास गेले. तेथे प्रशस्त रस्ते होते आणि हिरव्यागार बागाही होत्या. पण त्या बागांना लोखंडी कठडे होते, कुलपे होती, आणि किल्ल्या फक्त भोवतालच्या घरमालकांपाशी होत्या. जुन्या गावात मागे राहिली ती गरिबांची दाटी, ओलसर काळोखे बोळ आणि पडक्या इमारतींचे ढिगारे. १८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी विवाह झाल्यावर गेडिस यांनी बिऱ्हाड थाटले ते न्यू टाउनमध्ये नव्हे, तर जुन्या गावातील जेम्स कोर्ट या, आपल्या चाळीची आठवण करून देणाऱ्या, उंच इमारतीत. एके काळी तेथे डेव्हिड ह्यूमसारखा तत्त्वज्ञ राहून गेला होता. आता तिची पार रया गेली होती. नवराबायकोने शेजाऱ्यांना हाताशी धरून जिने धुतले, भिंतींना रंग दिला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या लावल्या. सुखवस्तू प्राध्यापकाची ही हौस म्हणून ती हसण्यावारी नेता आली असती. पण हे जोडपे तेथे राहात होते, हा त्यातील महत्त्वाचा भाग.

पुढे गेडिस यांनी उभारलेल्या ‘आउटलुक टॉवर’ या संस्थेच्या समितीने जुन्या गावातील पडीक जागांची मोजणी केली. अशा पंचाहत्तर जागा आढळल्या आणि त्या सर्व मिळून सुमारे दहा एकर भरल्या. बागेसाठी जागाच नाही, असे ज्या वस्तीबद्दल सांगितले जात होते त्या वस्तीतील हे दहा एकर! त्यांतील काही तुकडे साफ करून तेथे छोट्या बागा करण्यात आल्या. गेडिस यांची कन्या नोरा हिचा या कामात मोठा वाटा होता. मुलांना रस्ता सोडून खेळावयास जागा मिळाली, आयांना घडीभर उन्हात टेकता आले. एका जिन्याचे असूनही अनोळखी असलेले लोक एकमेकांशी बोलू लागावेत, हाच या खटाटोपाचा हेतू होता. बाग हे गेडिस यांच्या दृष्टीने शहराचे भूषण नव्हते; ती वस्तीची सामायिक ओसरी होती.

श्रीमंतांना ही दृष्टी नेहमीच मानवली असे नाही. डन्फर्मलिन येथील उद्यानासाठी कार्नेगी न्यासाने त्यांच्याकडून आराखडा मागविला; १९०४ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि न्यासाने तो बाजूला ठेवला. गेडिस यांचे लेखन पसरट असे, व्याख्यान दाढीतल्या दाढीत विरून जाई. हाती घेतलेले काम तडीस नेण्यापेक्षा पुढचे सुरू करण्याचा त्यांना सोस होता, हेही मान्य केले पाहिजे.

१९१४ साली ते हिंदुस्थानात यावयास निघाले. नगररचनेचे त्यांचे प्रदर्शन ज्या बोटीवर होते ती जर्मनांच्या ‘एमडेन’ने बुडविली. तरीही नव्याने साहित्य जमवून १९१५ मध्ये त्यांनी मद्रासला प्रदर्शन मांडलेच. पुढची काही वर्षे ते गावोगाव पायी हिंडले. त्या काळचे सरकारी अभियंते दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढीत आणि शेकडो कुटुंबांना बेघर करीत. गेडिस यांचा उपाय असा, की एखादे पडके घर काढावे, मोकळ्या झालेल्या चौकात झाड लावावे, विहीर दुरुस्त करावी आणि शेजार मोडू नये. १९१७ हे वर्ष त्यांना फार कठोर गेले. थोरला मुलगा फ्रान्समध्ये युद्धात पडला. आजारी पत्नीला ते वृत्त त्यांनी कळू दिले नाही, आणि त्याच वर्षी तीही येथेच निवर्तली.

अशा मनःस्थितीत होळकरांच्या इंदुरात त्यांनी केलेला प्रयोग विलक्षण होता. शहरात प्लेगची दहशत होती. दिवाळीच्या निमित्ताने एक दिवसासाठी राजाचे अधिकार मागून घेऊन त्यांनी जाहीर केले, की ज्या भागात घरे अधिक स्वच्छ व डागडुजी केलेली असतील त्या भागातून मिरवणूक जाईल. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची अवाढव्य प्रतिमा होती आणि लोकांना वाटण्यासाठी तुळशीची रोपे होती. घराघरातील तुळस हीच येथील सर्वांत लहान बाग, हे या परक्या माणसाने बरोबर हेरले. अर्थात एक शंका राहतेच. राजाच्या हुकमाने एका दिवाळीत झालेली सफाई पुढच्या दिवाळीपर्यंत टिकविणार कोण? एडिंबरोत गेडिस स्वतः त्या जिन्यावर राहिले होते. इंदुरात ते पाहुणे होते.

१९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकविले. वर्गातील व्याख्यानापेक्षा शहर डोळ्यांनी पाहण्यावर त्यांचा भर होता. गो. स. घुर्ये यांच्या विलायतेतील शिक्षणासाठी शिफारस केली ती त्यांनीच. प्रकृती ढासळल्याने त्यांनी मुंबई सोडली. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, महापालिकेने माहीम पार्क लोकांना खुले केले आणि १९२७ मध्ये त्याचे शिवाजी पार्क झाले. या मैदानाशी गेडिस यांचा संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या कडेच्या कट्ट्यावर सेवानिवृत्त कारकून, कॉलेजचे विद्यार्थी आणि नातवंडांना घेऊन आलेल्या आजीबाई यांची जी बैठक जमते, ती पाहून त्यांना आनंदच झाला असता. आपल्या कित्येक उद्यानांत दारावर वेळांची पाटी, हिरवळीवर चालण्यास मनाई आणि देखभाल कंत्राटदाराकडे, अशी व्यवस्था असते. शेजारच्या रहिवाशांनी तेथे कशात हात घालावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. मग रोप वाळले तर हळहळणार कोण?

१९२५ मध्ये गेडिस यांनी तेल अवीवचा आराखडा केला. त्यातही घरांच्या गटांच्या पोटात सामायिक बागा योजिल्या होत्या. अखेरची वर्षे त्यांनी फ्रान्समध्ये माँपेल्ये येथे, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह आणि बाग उभारण्यात घालविली. १९३२ च्या प्रारंभी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १७ एप्रिल रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. एडिंबरोच्या जुन्या गावात त्यांच्या वेळच्या छोट्या बागांपैकी काही अद्याप तग धरून आहेत. दरीपलीकडे, न्यू टाउनमधील कित्येक बागांच्या किल्ल्या मात्र आजही भोवतालच्या रहिवाशांपाशीच आहेत.