डॉ. हाफकिन

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. ज्यांचे नाव तिला दिले आहे, ते वाल्डेमार हाफकिन मुंबईचे नव्हते आणि भारताचेही नव्हते. त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. हे शहर तेव्हा रशियात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. हाफकिन ज्यू होते. धर्म बदलला असता तर विद्यापीठात चांगली जागा मिळाली असती. त्यांनी धर्म बदलला नाही. पुढे ते पॅरिसला लुई पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तिथे जागा होती ती फक्त ग्रंथालयात. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम सुरू झाला. १८९२ साली त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. दुसऱ्याच वर्षी ते भारतात आले व गावोगावी फिरून लोकांना लस टोचू लागले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. उर्दूत या रोगाला ताऊन म्हणतात. मांडवी भागातील रोग्यांना प्लेगच झाला आहे, हे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. काखेत, जांघेत गाठ येई, ताप चढे आणि थोड्याच दिवसांत माणूस दगावे. लोक शहर सोडून पळू लागले. सरकारी माणसे घरात शिरून रोग्यांना इस्पितळात नेत, म्हणून घरचे लोक रोग्याला लपवून ठेवत.

सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते. हाफकिन यांनी मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवले. रश्शावर तुपाचे थेंब सोडले की त्यांच्या खाली जंतू लोंबत्या धाग्यांसारखे वाढत. मग ते उष्णता देऊन मारायचे. अशा मेलेल्या जंतूंची लस टोचली, तर शरीर खऱ्या रोगाशी लढायला आधीच तयार होते.

पण प्लेगचेच जंतू अंगात कोण घालून घेणार? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या. पण ते बरे झाले. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी आपण होऊन लस घेतली. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांत रोगी पुष्कळ निघाले, घेतलेल्यांत फार थोडे. तरीही शहरातील लोक घाबरतच होते. तेव्हा तरुण आगाखान यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. मग त्यांचे अनुयायीही पुढे आले. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी वाड्यात गेली.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ लोकांना लस टोचली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्व एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाकी कोणालाही काही झाले नाही. तरी दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना काम सोडावे लागले. खरे तर धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून असते, तर लसीला घाण वास आला असता. ती उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. शिवाय बाटली उघडताना एका मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला. ही बाजू सरकारला पटायला पाच वर्षे लागली. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रात हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. ते पुन्हा भारतात आले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. ती त्यांनीच उभी केली होती!

१९२५ साली त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. तेव्हा ते युरोपात राहत होते. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.