हॉकीच्या आचार्या : कुमारी कॉन्स्टन्स ॲपलबी

ऑलिंपिक सामन्यांत उतरावें अशी प्रत्येक खेळाडूची मनीषा असते. परंतु केवळ मनीषा बाळगल्यानें तेथें प्रवेश मिळत नाहीं. निरनिराळ्या देशांचे संघ आधीं पात्रता-स्पर्धेंत एकमेकांशीं झुंजतात, आणि जे त्या कसोटीस उतरतात त्यांनाच पुढील द्वार खुलें होतें. स्त्रियांच्या हॉकीच्या अशा पात्रता-स्पर्धा अलीकडे आपल्या देशांतहि झाल्या. परंतु या साऱ्या स्पर्धांच्या कितीतरी आधीं एक निराळीच पात्रता-परीक्षा होऊन गेली. कोणत्या देशाचा संघ सरस, हा प्रश्न तींत नव्हता. मुलीच्या जातीनें मैदानावर धांवावें कीं नाहीं, हाच प्रश्न होता. तो सोडविण्यांत ज्या बाईंनीं आपलें दीर्घ आयुष्य वेंचलें, त्यांची ओळख आमच्या विद्यार्थिनींना व त्यांच्या मातापितरांना करून द्यावी, या हेतूनें हा अल्प चरित्रलेख आम्ही सादर करीत आहों.

कॉन्स्टन्स ॲपलबी यांचा जन्म १८७३ सालीं इंग्लंडमधील एसेक्स परगण्यांत चिगवेल या गांवीं झाला. पुढें शंभरीहि ओलांडलेल्या या बाईंची प्रकृति लहानपणीं इतकी नाजूक होती कीं, त्यांचें शिक्षण शाळेंत न होतां घरींच झालें. मोठेपणीं त्यांनीं शरीरशिक्षणाचाच रीतसर अभ्यास केला आणि तोच आपला व्यवसाय ठरविला. दुर्बळ शरीराचें दुःख काय असतें हें ज्यांना अनुभवानें ठाऊक, त्यांनाच बलाची किंमत अधिक कळते, हें येथें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

योगायोग असा कीं, ज्या वर्षीं ॲपलबीबाई जन्मल्या त्याच वर्षीं अमेरिकेंत बोस्टन येथें डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांचें मुलींच्या शिक्षणाविषयींचें एक पुस्तक प्रसिद्ध झालें. हे गृहस्थ हार्वर्ड विद्यापीठांत वैद्यकाचे अध्यापक राहिलेले असल्यामुळें त्यांच्या शब्दाला मोठें वजन होतें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, शरीरांतील शक्ति मोजकी असते; वयांत येणारी मुलगी मुलग्यांच्या बरोबरीनें अभ्यासाचा ताण सोसूं लागली, तर ती शक्ति मेंदूकडे खर्ची पडते आणि मातृत्वाला लागणारीं इंद्रियें दुर्बळ राहतात. हें मत अवघ्या कांहीं रुग्ण मुलींच्या हकिकतींवर उभें होतें. तरी त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि कित्येक आईबापांच्या मनांत भीतीनें घर केलें. जेथें मुलीनें पुस्तक हातीं घेण्याचीच धास्ती, तेथें काठी हातीं घेऊन धांवण्याची गोष्ट कोण काढणार?

इंग्लंडांत त्या मानानें हवा थोडी निवळली होती. तेथें महाविद्यालयांतील मुली हॉकी खेळूं लागल्या होत्या. परंतु १८९५ सालीं स्त्रियांनीं आपल्या मंडळास मान्यता मागितली, तेव्हां पुरुषांच्या हॉकी असोसिएशननें ती नाकारली. स्त्रियांनीं रुसून न बसतां आपलें स्वतंत्र मंडळ उभें केलें व तें आपल्याच हिमतीवर चालविलें. अशा स्वावलंबनाच्या वातावरणांत ॲपलबीबाईंचें तारुण्य गेलें.

१९०१ सालच्या उन्हाळ्यांत त्या अमेरिकेस गेल्या. हार्वर्ड येथें डॉक्टर सार्जंट यांचा शरीरशिक्षणाचा उन्हाळी वर्ग भरत असे. त्यांत त्यांनीं नांव घातलें होतें. तेथें एके दिवशीं मुलींच्या व्यायामाविषयीं बोलणें निघालें. अमेरिकन मुलींचे खेळ म्हणून संगीतखुर्चीचें आणि पाठीमागें रुमाल टाकण्याच्या खेळाचें नांव पुढें आलें. हा दुसरा खेळ म्हणजे आपल्याकडील मामाचें पत्र हरवलें, तोच म्हणाना! असले खेळ इंग्लंडांत मेजवानीच्या वेळीं करमणुकीसाठीं खेळतात, व्यायामासाठीं तेथील मुली हॉकी खेळतात, असें ॲपलबीबाईंनीं सरळ सांगून टाकलें.

मग तो खेळ दाखविण्याची जबाबदारी त्यांच्यावरच आली. तेथें मैदानी हॉकीच्या काठ्या नव्हत्या आणि चेंडूहि नव्हता. बाईंनीं बर्फावरील हॉकीच्या काठ्या जमविल्या, बेसबॉलचा चेंडू घेतला आणि व्यायामशाळेच्या मागच्या फरसबंद अंगणांत सोबत्यांना उभें करून खेळ सुरू केला. अमेरिकेंतील स्त्रियांच्या हॉकीची मुहूर्तमेढ ती ही! ज्या विद्यापीठाच्या अध्यापकानें २८ वर्षांपूर्वीं मुलींच्या शरीराविषयीं जगाला घाबरवून सोडलें होतें, त्याच विद्यापीठाच्या आवारांत हा प्रकार घडला. वादविवादानें जें सिद्ध करावयाला कित्येक वर्षें लागलीं असतीं, तें बाईंनीं उसन्या काठ्यांनीं एका अंगणांत करून दाखविलें.

त्या वर्गांत व्हासर या स्त्रियांच्या महाविद्यालयांतील व्यायामशिक्षिका हॅरिएट बॅलंटाइन याहि होत्या. त्यांनीं बाईंना आपल्याकडे येण्याचें आमंत्रण दिलें. इंग्लंडला परतण्याचा बेत बाजूला राहिला. त्याच वर्षीं पावसाळी हवा सरून थंडी पडूं लागली, त्या सुमारास बाई व्हासर, स्मिथ, वेल्स्ली, माउंट होलिओक, रॅडक्लिफ आणि ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयांतून फिरल्या. प्रत्येक ठिकाणीं त्या मुलींना मैदानावर घेऊन जात, काठी कशी धरावी येथपासून शिकवीत, आणि त्या पुढील मुक्कामाला गेल्यावरहि खेळ मागें चालूं राही. १९०१ सालींच तेथें हॉकीचें एक मंडळहि निघालें.

पुढें १९०४ सालीं ब्रिन मॉर महाविद्यालयांत त्यांची नेमणूक झाली व तेथें त्यांनीं दोन तपांच्या वर काम केलें. या महाविद्यालयाच्या अध्यक्षा मार्था केरी टॉमस या स्त्रीशिक्षणाच्या कडव्या पुरस्कर्त्या होत्या. तरुणपणीं डॉक्टर क्लार्क यांच्या पुस्तकानें त्यांच्याहि मनाला घोर लावला होता. मुलींनीं विद्येंत पुरुषांच्या तोडीस तोड व्हावें, ही त्यांची तळमळ. ॲपलबीबाईंनीं त्यांच्यापुढें आपला मुद्दा मांडला तो असा कीं, या मुलींनीं जगांत जाऊन कांहीं करून दाखवावें, मतदानाचा हक्क मिळवावा, अशी आपली इच्छा आहे. परंतु तो हक्क बजावण्याचें बळच जर त्यांच्या अंगांत नसेल, तर त्याचा उपयोग काय? अध्यक्षाबाईंना हें पटलें, आणि ब्रिन मॉरचें मैदान मुलींनीं गजबजून गेलें.

बाईंनीं हॉकीच कां निवडली, हेंहि पाहण्यासारखें आहे. कवायतींत हुकूम पाळणें साधतें. परंतु हॉकींत हुकूम सुटण्याची वाट पाहतां येत नाहीं. अकरा जणींनीं आपापली जागा संभाळावयाची, चेंडू कोणाकडे द्यावा तें धांवतां धांवतां ठरवावयाचें, आणि आपल्या हातून गोल होण्यापेक्षां संघाचा गोल व्हावा ही बुद्धि ठेवावयाची! सारी फळी जागा सोडून चेंडूमागें धांवूं लागली कीं संघ मोडलाच. ज्या मुलींना जन्मभर दुसऱ्यांनीं निर्णय करून दिले, त्यांना क्षणांत निर्णय घेण्याची संवय या खेळानें लागली. बाईंची शिस्त कडक होती. तरी मुली त्यांना त्यांच्या आडनांवावरून लाडानें ॲपल, म्हणजे सफरचंद, म्हणत.

१९२२ सालीं अमेरिकेंतील स्त्रियांची राष्ट्रीय हॉकी-संघटना फिलाडेल्फिया येथें स्थापन झाली; तिच्या उभारणींत बाईंचा वांटा होताच. १९२४ सालीं त्यांनीं स्त्रियांच्या खेळांना वाहिलेलें एक मासिक काढलें व तें स्वतः संपादिलें. पेनसिल्व्हेनियांतील पोकोनो डोंगरांत त्यांनीं उन्हाळ्याच्या अखेरीस हॉकीचें शिबिर भरविण्यास आरंभ केला. या शिबिराला खेळाडू येत, तशा शाळाशाळांतील शिक्षिकाहि येत. एक शिक्षिका शिकून गेली कीं तिच्या शाळेंत दरवर्षीं नव्या मुली तयार होत. एका दिव्यानें दुसरा लावावा, तसा हा प्रकार वर्षानुवर्षें चालला. वयाची नव्वदी उलटल्यावरहि बाई मैदानाच्या कडेला उभ्या राहून मुलींना शिकवीत होत्या.

इकडे देशोदेशींच्या स्त्रियांचे सामनेहि सुरू झाले होते. १९२७ सालीं स्त्रियांच्या हॉकीचा आंतरराष्ट्रीय संघ निघाला. त्याचा पहिला मोठा मेळावा १९३३ सालीं कोपनहेगन येथें व दुसरा १९३६ सालीं फिलाडेल्फिया येथें झाला. त्या काळीं या मेळाव्यांत अजिंक्यपद ठेवीत नसत. एकमेकींशीं खेळावें, एकमेकींपासून शिकावें, एवढाच हेतु असे. चषक, क्रमवारी आणि पात्रता यांचा जमाना मागाहून आला. स्त्रियांचा पहिला विश्वचषक १९७४ सालीं फ्रान्समध्यें मांदेलिय येथें झाला. तो नेदरलंड्सनें जिंकला, आणि आपल्या भारताचा संघ चौथा आला. पुरुषांची हॉकी ऑलिंपिकमध्यें १९०८ सालींच आली होती. स्त्रियांच्या हॉकीला मात्र १९८० पर्यंत वाट पाहावी लागली.

त्या वर्षीं मॉस्को येथें तो दिवस उजाडला. ॲपलबीबाई तेव्हां १०७ वर्षांच्या होत्या. त्यांनीं रुजविलेल्या खेळांतून वाढलेल्या अमेरिकन संघानें आपली पात्रता सिद्ध केली होती. परंतु सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानांत शिरल्याच्या निषेधार्थ अमेरिकेनें त्या सामन्यांवर बहिष्कार घातला, आणि त्या मुलींना घरींच राहावें लागलें. इतरहि कित्येक देश गेले नाहींत. आयत्या वेळीं बोलाविलेल्या झिंबाब्वेच्या संघानें सुवर्णपदक पटकाविलें. भारताचा संघ चौथा आला. त्यांत आमच्या महाराष्ट्रांतील, पुण्याच्या एलायझा नेल्सन याहि होत्या. मैदानावर मिळविलेली पात्रता राजकारणाच्या एका फटक्यानें फुकट जाऊं शकते, हा कटु धडा त्या वर्षीं अमेरिकन मुलींना मिळाला. त्यांच्यांतील पुष्कळशा जणी नेटानें खेळत राहिल्या. १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांची बरोबरी झाली, पेनल्टी स्ट्रोकवर निकाल लागला आणि अमेरिकेनें कांस्यपदक मिळविलें. तें पाहावयाला मात्र ॲपलबीबाई नव्हत्या. १९८१ सालच्या जानेवारींत इंग्लंडांत हॅम्पशायर परगण्यांतील बर्ली या गांवीं त्यांचें देहावसान झालें होतें.

ॲपलबीबाईंचें कार्य ज्या महाविद्यालयांतून प्रथम झालें, तीं बहुतेक सधन घरच्या गोऱ्या मुलींचीं होतीं, हें सांगितल्यावांचून त्यांचें चरित्र पुरें होणार नाहीं. गरिबाच्या मुलीला मैदान मिळण्यास आणखी फार काळ जावा लागला. परंतु काळाची गति पाहा! नोव्हेंबर १९१९ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, नोव्हेंबर २०१९ मध्यें भुवनेश्वर येथें ऑलिंपिकच्या पात्रतेसाठीं अमेरिका व भारत यांचे स्त्रीसंघ समोरासमोर आले. दोन सामन्यांतील गोलांच्या बेरजेवर निकाल लागावयाचा होता. पहिला सामना भारतानें ५-१ असा जिंकला. दुसऱ्या सामन्याच्या पहिल्या अर्ध्यांतच अमेरिकन मुलींनीं चार गोल करून बेरीज सारखी केली. अखेर ४८ व्या मिनिटाला कर्णधार राणी रामपाल हिनें गोल केला आणि भारत ६-५ असा पात्र ठरला. ही राणी हरियाणांतील शाहाबादची, हातगाडी ओढून संसार चालविणाऱ्या बापाची लेक! त्या संघानें पुढें टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें चौथा क्रमांक मिळविला.

पुढच्या खेपेला फांसे उलटे पडले. जानेवारी २०२४ मध्यें रांची येथील पात्रता-स्पर्धेंत आठ संघ होते व पहिल्या तिघांना पॅरिसला जातां येणार होतें. पहिल्याच सामन्यांत अमेरिकेनें भारताला १-० असें हरविलें. उपांत्य फेरींत जर्मनीशीं २-२ बरोबरी होऊन भारत शूटआउटमध्यें हरला, आणि शेवटच्या जागेसाठींच्या सामन्यांत जपाननें १-० असा जय मिळविला. जर्मनी, अमेरिका व जपान पॅरिसला गेले. आपल्या मुली एका गोलानें राहिल्या. त्यांचे रडवेले चेहरे पाहून अनेकांना हळहळ वाटली असेल. परंतु आम्हांला असें वाटतें कीं, ज्या मुलीला जिंकण्याची व हरण्याची संधि मिळाली, तिनें पहिली पात्रता केव्हांच मिळविली आहे.

खरी हळहळ वाटते ती जिला मैदानाचें तोंडहि दिसत नाहीं तिच्यासाठीं. अभ्यास बुडेल, अंग काळवंडेल, लोक काय म्हणतील, अशीं कारणें आजहि कित्येक घरांतून ऐकूं येतात. डॉक्टर क्लार्क यांच्या पुस्तकाचें आतां कोणी नांवहि काढीत नाहीं. परंतु त्यांनीं पेरलेली भीति नव्या नव्या वेषांत येत असते. मातापितरांस आमची विनंति एवढीच कीं, शाळा सुटल्यावर मुलगी अर्धा तास मैदानावर राहूं इच्छीत असेल, तर तिला राहूं द्यावें. आणि विद्यार्थिनींनो, उत्तम काठ्या नाहींत, आंखलेलें मैदान नाहीं, शिकवावयाला कोणी नाहीं, अशा सबबी मनांत येतील तेव्हां हार्वर्डच्या त्या फरसबंद अंगणाची आठवण करा, आणि हाताशीं जें असेल तें घेऊन खेळ सुरू करा.