हिराबाई बडोदेकर

हिराबाई बडोदेकर (जन्म : मिरज, मे १९०५, मृत्यू : २० नोव्हेंबर १९८९) या किराणा घराण्याच्या ख्यातनाम गायिका व मराठी संगीत रंगभूमीवरील अभिनेत्री होत्या. तिकीट लावून होणाऱ्या जाहीर मैफलींत स्त्रीच्या शास्त्रीय गायनाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या कलावतींमध्ये त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

बालपण आणि शिक्षण

किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि बडोद्याच्या ताराबाई माने यांच्या त्या कन्या. त्यांचे मूळ नाव चंपाकली. पुढे मातापिता विभक्त झाले. ताराबाईंनी मुलांना आपल्याकडे ठेवून त्यांना नवी नावे दिली. गायक सुरेशबाबू माने हे हिराबाईंचे बंधू, तर कमलाबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे या भगिनी. वडिलांची प्रत्यक्ष तालीम त्यांना फारशी लाभली नाही. त्यांचे शिक्षण सुरेशबाबू व उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झाले.

मैफलीतील कारकीर्द

त्या काळी व्यावसायिक गायन हे कुलीन स्त्रीचे काम मानले जात नसे. अशा वातावरणात कोवळ्या वयातच त्यांनी मुंबईत पं. विष्णू दिगंबर पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या समारंभात गायन केले. पुढे त्यांच्या तिकिटाच्या मैफलींना कुटुंबवत्सल श्रोते स्त्रियांसह येऊ लागले. हावभाव टाळून शांतपणे बसून गाण्याची त्यांची पद्धत या बदलाला पोषक ठरली.

रंगभूमी

पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची प्रथा रूढ असताना माने कुटुंबाने १९२९ च्या सुमारास नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा काढली. तीत स्त्रीभूमिका स्त्रियाच करीत. ‘सौभद्र’सारख्या संगीत नाटकांत हिराबाईंनी नायिका रंगविल्या. मात्र कर्जाचा बोजा वाढल्याने काही वर्षांतच मंडळी बंद करावी लागली. त्यानंतर त्यांनी ‘प्रतिभा’ (१९३७) आदी चित्रपटांतही काम केले. तथापि मैफल हेच त्यांचे मुख्य क्षेत्र राहिले.

गायनशैली

स्वच्छ, नाजूक व सुरेल आवाज, स्वरांची संथ बढत आणि आटोपशीर मांडणी ही त्यांच्या गायकीची वैशिष्ट्ये होत. ख्यालाइतक्याच आपुलकीने त्या ठुमरी, नाट्यपद, भावगीत व अभंग गात. त्यामुळे शास्त्राची माहिती नसलेला श्रोताही त्यांच्या गाण्याकडे ओढला गेला. ध्वनिमुद्रिकांनी त्यांचा आवाज घरोघरी पोहोचविला. उत्तरकाळात सरस्वतीबाईंसह त्यांनी जुगलबंदीचे कार्यक्रमही केले. प्रभा अत्रे या त्यांच्या नामवंत शिष्या.

सन्मान

स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी दिल्लीत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान त्यांना मिळाला. त्यांना १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण हा किताब प्राप्त झाला. मध्यमवर्गीय घरांतील मुलींनी शास्त्रीय गायन शिकावे व व्यासपीठावरून गावे, ही गोष्ट महाराष्ट्रात स्वाभाविक होण्यात हिराबाईंच्या कारकिर्दीचा वाटा मोठा आहे.