सर दिनशा पेटिट : मुक्या जिवांसाठी दवाखाना उभारणारे दानशूर

तुमचं पोट दुखलं तर तुम्ही बोट ठेवून दाखवता, इथे दुखतंय म्हणून. पण दारातल्या कुत्र्याच्या पोटात दुखत असेल तर ते काय करणार? कोपऱ्यात जाऊन बसेल, भाकर टाकली तरी तोंड लावणार नाही. मांजर तर दुखणं आणखीच लपवते. मुक्या जिवाचं दुखणं ओळखायचं असेल तर आधी कुणाला तरी वाटावं लागतं की, यालाही दवाखाना हवा. असं वाटलेल्या एका माणसाची आज ओळख करून घेऊ.

दिनशा माणेकजी पेटिट यांचा जन्म ३० जून १८२३ रोजी मुंबईत एका पारशी घरात झाला. पेटिट हे आडनाव ऐकायला पारशी वाटत नाही ना? त्यांचे आजोबा फ्रेंच जहाजांचं काम बघत. ते अंगानं लहानखुरे होते. फ्रेंच भाषेत लहान म्हणजे पेटिट. तेच नाव घराण्याला चिकटलं.

पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. त्यांच्या अंत्यविधीतही कुत्र्याला स्थान आहे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत सरकारी हुकमानं भटकी कुत्री मारणं सुरू झालं, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले आणि शहरात दंगल झाली. दिनशा त्या वेळी नऊ वर्षांचे होत आले होते. ज्या समाजात ते वाढले, त्याला कुत्र्याच्या जिवाची किंमत होती, एवढं यावरून कळतं.

मोठेपणी त्यांनी एका व्यापारी पेढीत कारकुनी केली. पुढे ते युरोपियन कंपन्यांचे दलाल झाले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. या काळात दिनशांनी मोठी संपत्ती मिळवली. वडिलांच्या नावानं त्यांची माणेकजी पेटिट मिल उभी होतीच. आपल्या वऱ्हाडाचा कापूसही तेव्हा मुंबईकडे जायचा. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून रेल्वेचा फाटा आला तो १८७० साली.

पैसा पुष्कळांनी कमावला. दिनशांनी तो वाटला. अग्यारी, दवाखाने, स्त्रियांचं शिक्षण, तंत्रशिक्षण अशा कितीतरी कामांना त्यांनी सढळ हातानं मदत केली. पण त्यांचं एक दान वेगळंच होतं. १८८३-८४ च्या सुमारास परळ इथे त्यांच्या देणगीतून जनावरांचा दवाखाना उभा राहिला. त्याला नाव दिलं पत्नीचं, बाई साकरबाई दिनशा पेटिट हॉस्पिटल. मुंबईचे लोक मात्र त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणू लागले, कारण त्या काळी शहराची सगळी ओझी बैल आणि घोडेच ओढत. १८८६ मध्ये याच दवाखान्याच्या आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. नुसती दया करून भागत नाही. ती करायला शिकलेले हात लागतात, आणि ते इथे तयार होऊ लागले.

१८८७ मध्ये दिनशांना सर ही पदवी मिळाली, १८९० मध्ये ते बॅरोनेट झाले. ५ मे १९०१ रोजी त्यांचं निधन झालं.

आता एक गंमत बघा. परळचा दवाखाना उभा राहण्याच्या थोडंसंच आधी, १८८० साली, फ्रान्समध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांना एक शोध लागला. काही स्फटिक दाबले की त्यांत वीज तयार होते. पुढे कळलं की उलटंही होतं, वीज दिली की असा स्फटिक थरथरतो. या दोन गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. आज आहे. सोनोग्राफीच्या यंत्रात हेच तत्त्व वापरतात. कुत्र्या-मांजरांच्या तपासणीत यंत्राचा हातातला भाग सेकंदाला साधारण पन्नास लाख ते एक कोटी वेळा थरथरतो. हा आवाज आपल्याला तर नाहीच, कुत्र्यालाही ऐकू येत नाही. तो शरीरात जातो, अवयवांवर आपटून परत येतो आणि त्या प्रतिध्वनीतून पडद्यावर चित्र उमटतं.

तपासणीआधी डॉक्टर पोटावरचे केस काढतात आणि जेल लावतात. का? मध्ये हवा राहिली तर आवाज आत जातच नाही. यात सुई नाही, चिरफाड नाही, एक्स-रेसारखे किरणही नाहीत. मूत्राशयातला खडा दिसतो. कुत्री गाभण असेल तर साधारण चार आठवड्यांनी पिल्लांची हृदयं धडधडताना दिसतात. एखादी कुत्री खाणं सोडून नुसतं पाणीच पीत असेल, तर तिच्या गर्भाशयात पू झालेला असू शकतो. वेळेत कळलं तर ऑपरेशननं ती वाचते, नाहीतर जीव जातो.

ही सोय आपल्या पिंपळगाव राजापासून फार दूर नाही बरं का. अकोल्याला पशुवैद्यकीय संस्था आहे. ती आणि परळचं महाविद्यालय आज एकाच विद्यापीठाखाली येतात.

बैल शेत नांगरतो, म्हैस दूध देते, म्हणून त्यांच्यासाठी आपण डॉक्टर बोलावतो. कुत्र्या-मांजरासाठी कोण खर्च करणार, असं घरात म्हटलं जातं. गरिबीत ते खोटंही नाही. पण निदान लक्ष द्यायला पैसा लागत नाही. तुमचं कुत्रं दोन दिवस जेवलं नाही, लघवीला अडतंय, सारखं पाणी पितंय, तर मोठ्या माणसांना सांगा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. दिनशांच्या खिशात लाखो रुपये होते, म्हणून त्यांनी दवाखाना दिला. आपल्याकडे दोन डोळे आहेत. ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं आधी त्यांनाच दिसायला हवं. यंत्राची पाळी त्यानंतर येते.