क्षत्रप नहपान

क्षहरात कुळातील नहपानाचे चरित्र कोणा राजकवीने लिहिले नाही. त्याचा जन्म, त्याचे बालपण, त्याचा मृत्यू यांची नोंद आढळत नाही. लेण्यांच्या भिंतींवरील काही ओळी आणि चांदीची नाणी एवढाच त्याचा वारसा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा उत्तरार्ध हा त्याचा काळ होय. पूर्वीचे अनेक संशोधक तो दुसऱ्या शतकाच्या आरंभी मानीत. भडोच, नाशिक, जुन्नर, कार्ले हा टापू त्याच्या सत्तेखाली होता. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस व मिनँडर, म्हणजेच मिलिंद, या यवन राजांचे जुने द्रम्म तेव्हाही चालत, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नमूद आहे. नहपानाने आपले नाणे त्याच वळणावर पाडले. वजन सुमारे दोन ग्रॅम. एका अंगास राजाचा मुखवटा व ग्रीक अक्षरे, दुसऱ्या अंगास बाण व वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी लेख. लिपी ग्रीक असली, तरी भाषा मात्र प्राकृतच होती.

त्याची कन्या दक्षमित्रा व जावई उषवदात यांची दाने नाशिकच्या लेण्यांत कोरलेली आहेत. उषवदाताने विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाचे २४० झाले, की लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा मिळत.

जुन्नरच्या लेखातील ४६ हे त्याचे अखेरचे ज्ञात वर्ष. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा उच्छेद केला. उषवदाताच्या ताब्यातील एक शेत त्याने भिक्षूंना दिले, आणि नहपानाची नाणी न वितळवता त्यांवर आपला चैत्य व उज्जयिनी-चिन्ह ठोकले. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील ९,००० हून अधिक अशी पुनर्मुद्रित होती.

जेत्याने चांदी स्वीकारली आणि नाव पुसू पाहिले. तथापि अनेक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्या मुखवट्याची कड आणि ग्रीक अक्षरांचे तुटके अवशेष डोकावतात. पुढील सातवाहन राजांनी तर स्वतःचा मुखवटा असलेली चांदीची नाणी पाडली. नहपानाचे राज्य बुडाले. त्याने दख्खनमध्ये रुजविलेली नाण्याची रीत त्याच्या शत्रूंनीच पुढे चालविली.